गुलमर्ग की औली? गोव्याहून पहिल्यांदा स्कीइंगला निघणाऱ्यांसाठी

नोव्हेंबर लागला की आमच्या फोंड्यातल्या ओळखीच्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "अगं, यंदा बर्फात जायचं ठरतंय. गुलमर्ग बरं की औली?" मी उत्तराखंडातल्या औलीला एकदा आणि काश्मीरमधल्या गुलमर्गला दोनदा जाऊन आले आहे. पहिल्या खेपेला बरंच काही चुकलं, कारण समुद्राकाठच्या माणसाला या बाबतीत विचारायला जवळपास कुणी नसतं. म्हणून जे मला आधी कळायला हवं होतं ते सगळं इथे क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. फोटो बघून जागा ठरवू नका, फोटोत दोन्हीकडचा बर्फ सारखाच दिसतो. आधी हातातले दिवस मोजा, मग सोबत कोण आहे ते बघा. एवढं केलंत की निम्मा निर्णय झालाच.

१. आधी दिवस मोजा

गुलमर्गसाठी आधी श्रीनगर गाठायचं, आणि गोव्याहून तिथे जायचं तर दिल्ली किंवा मुंबईत विमान बदलावं लागतं. सकाळी निघालात तर संध्याकाळपर्यंत श्रीनगर गाठता येतं. रात्री तिथेच राहा. दुसऱ्या दिवशी ५० किलोमीटरचा रस्ता, वाटेत टंगमर्ग, आणि दुपारपर्यंत तुम्ही गुलमर्गच्या बर्फावर.

औलीचं गणित वेगळं. दिल्लीहून डेहराडूनच्या जॉली ग्रँट विमानतळावर उतरा, नाहीतर रेल्वेने हरिद्वार-ऋषिकेश गाठा. तिथून औलीच्या खालचं गाव जोशीमठ सुमारे २५० किलोमीटर. आकडा बघून पणजी ते रत्नागिरी असा हिशेब करू नका. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, चमोली असा नदीकाठाने वर चढत जाणारा डोंगरी रस्ता आहे, नऊ-दहा तास सहज जातात. पहाटे निघायचं आणि अंधार पडायच्या आत पोहोचायचं. रात्री त्या रस्त्यावर गाडी घेऊच नका. म्हणजे फोंड्यातलं घर सोडल्यापासून स्की पायात चढेपर्यंत तिसरा दिवस उजाडतो, आणि परतताना पुन्हा दोन दिवस.

माझा सरळ हिशेब असा आहे: एकूण सहा-सात दिवस असतील तर गुलमर्ग. नऊ किंवा त्याहून जास्त असतील तरच औलीचा विचार करा. स्कीइंग शिकायला सलग तीन दिवस तरी उतारावर मिळायलाच हवेत. एका दिवसात फक्त पडायला आणि उठायला शिकून होतं.

याच रस्त्यावरचा एक गोंधळ. औलीच्या वाटेवरही एक श्रीनगर लागतं, ते गढवालमधलं. नकाशात किंवा हॉटेल शोधताना श्रीनगर दिसलं की राज्य कोणतं आहे ते बघूनच पुढे जा.

२. दोन्ही जागा नीट समजून घ्या

*गुलमर्ग* बारामुल्ला जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटरवर आहे. इथला गोंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे, दोन टप्प्यांचा आहे. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला. तो कोंगडोरीपर्यंत, साधारण ३,०८० मीटरवर नेतो. दुसरा २००५ मध्ये सुरू झाला आणि अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ ३,९५० मीटरवर पोहोचतो. जगभरातले मुरलेले स्कीवाले इथे येतात ते या दुसऱ्या टप्प्यासाठी. वर कोरडा, भुसभुशीत बर्फ असतो आणि खाली यायला लांबच लांब उतार.

पण नवख्या माणसाचं तिथे काहीच काम नाही, हे मी ठासून सांगते. वरचा बराचसा भाग आखलेल्या, दाबून सपाट केलेल्या वाटांचा नाही, तो उघडा डोंगर आहे. तिथे हिमस्खलन होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन स्कीपटू गुलमर्गच्या परिसरात हिमस्खलनात दगावले. ही माणसं बर्फाला नवखी नव्हती. तुमची-आमची जागा खाली, गावालगतच्या मऊ उतारांवर. तिथे शिकणाऱ्यांसाठी ओढून वर नेणाऱ्या छोट्या लिफ्ट आहेत, प्रशिक्षक आहेत, भाड्याने साहित्य देणारी दुकानं आहेत. दुसऱ्या टप्प्यावर फक्त बघायला जायचं तर हवा स्वच्छ असताना जा, स्की खाली ठेवून.

*औली* उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, जोशीमठच्या वर आहे. मुख्य उतार सुमारे तीन किलोमीटर लांब, साधारण ३,०५० मीटरपासून २,५०० मीटरपर्यंत उतरणारा. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांतले स्कीइंग इथे झालं. जागा आटोपशीर आहे. एकच मोठा उतार, दोन्ही बाजूंना झाडी, आणि समोर ७,८१६ मीटरचं नंदादेवी. स्की पायात असताना मान वर केली की ते शिखर दिसतं. गुलमर्गला पहिल्या दिवशी जे भिरभिरल्यासारखं होतं, तसं इथे होत नाही. मुलं डोळ्यांसमोर राहतात. शिकायला म्हणून औलीचा उतार मला जास्त आवडला, हे मोकळेपणाने सांगते.

मग अडचण काय? दोन आहेत. पहिली रोपवेची. जोशीमठ ते औली हा सुमारे चार किलोमीटरचा रोपवे औलीचं मोठं आकर्षण होता. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठमध्ये जमीन खचली, शेकडो घरांना तडे गेले, तेव्हा हा रोपवे बंद करण्यात आला. जुन्या लेखांत अजूनही त्याचं वर्णन वाचायला मिळतं, त्यावर विसंबू नका. जोशीमठहून वर गाडीने जायचं असंच धरून चाला. औलीतली चेअरलिफ्ट चालू आहे का, हेही पैसे भरण्याआधी गढवाल मंडल विकास निगमाला विचारा. लिफ्ट बंद असेल तर स्की खांद्यावर घेऊन चढावं लागतं, आणि नवख्या माणसाचा अर्धा जीव त्यातच जातो.

दुसरी अडचण बर्फाची. औलीला बर्फाचा भरवसा कमी. गेल्या काही हंगामांत बर्फ कमी पडल्यामुळे तिथल्या स्पर्धा रद्द कराव्या किंवा पुढे ढकलाव्या लागल्या. गुलमर्गही यातून सुटलेलं नाही. जानेवारी २०२४ चा बराचसा काळ ते कोरडंच होतं, आणि २०२५ च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधला टप्पा बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतून मार्चमध्ये गेला. तरी गुलमर्गला एक आधार आहे: खाली बर्फ नसला तर गोंडोलाने वर जाऊन तो निदान बघता तरी येतो.

३. सोबत कोण आहे?

लहान मुलं आणि स्की न करणारे वडीलधारे सोबत असतील तर गुलमर्ग. आम्ही उतारावर असताना माझ्या सासूबाई गोंडोलाने कोंगडोरीला जाऊन, कहवा पिऊन, आरामात परत आल्या. औलीला त्यांना खोलीच्या खिडकीत बसून राहावं लागलं असतं, आणि त्याआधी दहा तासांचा वळणांचा रस्ता सोसावा लागला असता.

तरुण मित्रांचा गट असेल आणि मनापासून शिकायचं असेल तर औलीचा निवासी वर्ग बघा. गढवाल मंडल विकास निगम सात आणि चौदा दिवसांचे वर्ग घेतं. गुलमर्गला भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे, तीही नवख्यांसाठी वर्ग घेते. अशा वर्गांच्या जागा लवकर भरतात, तेव्हा चौकशी चतुर्थीच्या सुमारासच करून ठेवा.

जेवणाचंही सांगते, कारण घरी पहिला प्रश्न तोच असतो. काश्मीरमध्ये लोक आपल्यासारखेच भात खाणारे. भात, हाक नावाची पालेभाजी, राजमा, मटण, सगळं मिळतं. औली-जोशीमठ हा बदरीनाथच्या वाटेवरचा तीर्थक्षेत्राचा भाग, तिथे बहुतेक जेवण शाकाहारी. आठवडाभर मासे नाहीत म्हणून कुरकुरणारं कुणी सोबत असेल तर आधीच कल्पना द्या.

४. केव्हा जायचं?

नाताळच्या सुट्टीत जाऊ नका. त्या दिवसांत दर चढलेले असतात आणि बर्फ पुरेसा असेलच असं नाही. काश्मीरमधली कडाक्याची थंडी, चिल्लाई कलान, २१ डिसेंबरला सुरू होऊन चाळीस दिवस चालते. त्या काळात पडलेला बर्फ साचतो आणि जानेवारी अखेर ते फेब्रुवारी अखेर उतार भरलेले असतात. गोव्यात हॉटेल, टॅक्सी किंवा दुकानाचा धंदा असणाऱ्यांनाही डिसेंबरात हलता येत नाही, त्यांना हे सोयीचंच. आमच्याकडे मात्र माघातल्या मंगेशीच्या जत्रेच्या तारखा आधी बघाव्या लागतात. नंतर कार्निव्हल, मग मुलांच्या परीक्षा. पंचांग आणि शाळेचं वेळापत्रक शेजारी ठेवूनच तारीख काढा.

हिमालयात बर्फ आणतात ते पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी वादळी हवा. हवामान खात्याच्या अंदाजात हा शब्द दिसला की दोन गोष्टी समजायच्या: बर्फ पडणार आणि विमानं, रस्ते अडकणार. निघायच्या आधी पंधरा दिवस हॉटेलवाल्याला सांगून आजचा व्हिडिओ मागवा. गेल्या वर्षीचा नको, आजचा.

५. विमान आणि खोली

इथे फसायच्या जागा बऱ्याच आहेत, सावकाश वाचा.

गोवा ते दिल्ली आणि दिल्ली ते श्रीनगर ही दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. स्वस्त पडतं म्हणून वेगवेगळी काढलीत आणि दिल्लीच्या धुक्यात पहिलं विमान रखडलं, तर दुसऱ्याचे पैसे बुडाले म्हणून समजा. परतीच्या प्रवासानंतर एक दिवस मोकळा ठेवा. बर्फ किंवा धुकं असलं की श्रीनगरची विमानं रद्द होतात.

जाताना आणि येताना गोव्याचा विमानतळ कोणता, ते बघा. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. आम्ही गाडी दाबोळीला लावून गेलो आणि परतीचं विमान रात्री मोपाला उतरलं. झोपलेली मुलं, बर्फाचे जड बूट आणि चार बॅगा घेऊन पेडण्याहून वास्कोपर्यंत टॅक्सी करावी लागली. तिकिटावर दोन्ही वेळा नुसतं 'गोवा' असं वाचून आम्ही पुढे गेलो होतो.

खोलीचं: 'गुलमर्ग' म्हणून दाखवलेली बरीच हॉटेलं खाली टंगमर्गला असतात, १३ किलोमीटरवर. 'औली' म्हणून दाखवलेली जोशीमठला. रोज सकाळी बर्फाच्या रस्त्यावर गाडी करून वर जाणं खर्चाचं आणि वेळखाऊ. हॉटेलला फोन करून तीन प्रश्न विचारा: उतारापर्यंत चालत किती मिनिटं? रात्रभर खोली गरम राहते का, वीज गेली तर काय सोय? सकाळी नळाला पाणी असतं का? कडक थंडीत नळातलं पाणी गोठतं, तेव्हा तिसरा प्रश्न फालतू समजू नका.

टंगमर्गच्या पुढे बर्फ असेल तर श्रीनगरची साधी गाडी वर जात नाही. चाकांना साखळ्या लावलेली स्थानिक गाडी तिथे बदलून घ्यावी लागते. तिचं भाडं श्रीनगरच्या टॅक्सीत धरलेलं नसतं, हे आधीच विचारून घ्या.

६. बरोबर काय काय कागद हवेत

- प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र (आधार किंवा पासपोर्ट), मुलांचंही. गोंडोलाचं तिकीट नावावर असतं.
- गोंडोलाची तिकिटं. जम्मू-काश्मीर केबल कार महामंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः काढा. दुसऱ्या टप्प्याची लवकर संपतात आणि वारा सुटला की तो टप्पा बंद होतो.
- प्रवास विमा. पॉलिसीत 'स्कीइंग' हा शब्द शोधा. अनेक पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात.
- वर्गाला जाणार असाल तर डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र.
- पोस्टपेड सिम. गोव्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. कुटुंबात एकाचं तरी पोस्टपेड असू द्या, आणि ते निघायच्या आदल्या दिवशी करायचं काम नाही.
- रोख पैसे. औलीला जाताना जोशीमठलाच काढून घ्या.

एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर घरचे काळजी करतात, ते साहजिक आहे. निघण्यापूर्वी प्रशासनाच्या सूचना बघा आणि त्या पाळा.

७. कपडे

आपल्याकडे पावसाचे कपडे असतात, थंडीचे नसतात. एक जाड स्वेटर घेऊन काम भागत नाही, तीन थर लागतात: अंगाला चिकटून थर्मल, त्यावर फ्लीस, सर्वांत वर पाणी न शिरणारं जाकीट आणि पँट. सुती काहीही आत घालू नका. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि मग थांबलात की हुडहुडी भरते. आपला पावसाळी रेनकोट वर चढवलात तरी तेच होतं, घाम आतच राहतो.

जाकीट, पँट तिथे भाड्याने मिळतात. पण हातमोजे, थर्मल आणि मोजे स्वतःचे घ्या. हातमोज्यांचे दोन जोड न्या, कारण पहिल्या दिवशी तुम्ही सारखे बर्फात हात टेकणार आणि एक जोड ओला होणारच. गॉगल आणि सनस्क्रीन हवंच. समुद्रावरच्या उन्हाची सवय आहे म्हणून निर्धास्त राहू नका, बर्फावरून परतणारं ऊन हनुवटीच्या खालून भाजतं. खोबरेल तेलाची बाटली मात्र घरीच ठेवा, ती तिथे दगड होते. त्याऐवजी ओठांना आणि त्वचेला लावायचं मलम घ्या.

८. स्की आणि बूट भाड्याने घेताना

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. घाई केली तर पुढचे तीन दिवस वाया जातात.

माझ्या पहिल्या खेपेला दुकानात गर्दी होती. मी पायात मोज्यांचे दोन जोड घातले होते. दुकानातल्या मुलाने बूट पुढे केले, पाय सहज आत गेला, आणि मला वाटलं छान बसले. उतारावर गेल्यावर वळायला म्हणून पाय फिरवला की बूट आतल्या आत नुसता फिरायचा आणि स्की सरळच जायची. दीड दिवस मला वाटत राहिलं की हे आपल्याला जमणारं नाही. शेवटी प्रशिक्षकांनी खाली वाकून टाचेमागे बोट घातलं, ते आरामात आत गेलं. "मॅडम, ये आपका बूट ही नहीं है," म्हणाले. बूट बदलले आणि त्याच दुपारी मी पहिलं वळण घेतलं.

म्हणून बूट असा बघा: मोज्यांचा एकच जोड, तोही पातळ आणि लांब. बकल लावून उभे राहा. बोटं पुढे किंचित टेकली पाहिजेत. आता गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबा. बोटं थोडी मागे सरकली आणि टाच जागची उचलली नाही, तर बूट तुमचा. चालायला अवघड वाटेल, ते बरोबरच आहे.

स्की उभी धरल्यावर साधारण हनुवटीपर्यंत यावी. बूट आणि स्की जोडणाऱ्या बाइंडिंगचा स्क्रू वजनाप्रमाणे लावतात, म्हणून वजन खरं सांगा. कमी सांगितलं तर स्की उगीच सुटते, जास्त सांगितलं तर पडल्यावर सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. हेल्मेट मागून घ्या. साहित्यावर आधीच असलेल्या ओरखड्यांचे फोटो दुकानदारासमोरच काढा आणि दर दिवसाचा की तासाचा, ते चिठ्ठीवर लिहून घ्या.

९. पहिले दोन दिवस

आपण समुद्रसपाटीवरून थेट अडीच हजार मीटरवर जातो. पोहोचलात त्या दिवशी धावपळ नको, दारू नको, पाणी भरपूर प्या. डोकं दुखून मळमळत असेल तर वर चढू नका, विश्रांती घ्या. तरीही वाढत गेलं तर खाली उतरा आणि डॉक्टर गाठा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारलेलं बरं.

गुलमर्गच्या गाडीतळावर उतरताच स्लेजवाले, वाटाडे भोवती जमतील. गोंडोला फार लांब आहे, वाटाड्याशिवाय सोडत नाहीत, असं ऐकायला मिळेल. गोंडोलात बसायला वाटाड्या लागत नाही आणि तिथवर चालत जाता येतं. मात्र त्या माणसांचं पोट पर्यटकांवरच चालतं. नको असेल तर हसून, स्पष्ट नाही म्हणा. हवं असेल तर दर आधी ठरवा आणि ठरलेलं द्या.

प्रशिक्षक पहिल्या दिवशी घ्याच. नवऱ्याने किंवा मित्राने शिकवायचं, हा बेत टाळा. पहिल्यांदा शिकायचं ते थांबायला: स्कींची पुढची टोकं जवळ, मागची लांब, टाचा बाहेर रेटायच्या. वेग हाताबाहेर जातोय वाटलं तर बाजूला, कुल्ल्यावर पडा. मागे रेलू नका. भीतीने मागे रेललं की स्की आणखी जोरात पळते. "पिंडली आगे दबाओ," हे आमचे प्रशिक्षक दिवसातून पन्नास वेळा सांगायचे. बुटाच्या जिभेवर नडगी दाबलेली राहिली की आपोआप पुढे झुकलेले राहता.

मांड्यांची तयारी घरूनच करा. निघण्याआधी सहा आठवडे मी रोज संध्याकाळी पणजीत काम संपलं की आल्तिनोचा चढ चढून उतरत होते. उतरताना मांड्या दुखतात, तोच व्यायाम इथे कामाला येतो. दुपारी तीननंतर 'एक शेवटची फेरी' घेऊ नका. पाय थकलेले असतात, बर्फ पुन्हा कडक व्हायला लागलेला असतो, दुखापत व्हायची भीती तेव्हा जास्त.

१०. परतताना

साहित्य आदल्या संध्याकाळीच परत करा, सकाळी दुकान उघडायची वाट बघत विमान चुकवू नका. ओले हातमोजे आणि मोजे वेगळ्या पिशवीत भरा. श्रीनगर विमानतळाच्या बाहेरच्या फाटकावर सगळ्यांना उतरवून सामान तपासतात, आत पुन्हा तपासणी असते, म्हणून तीन तास आधी पोहोचा. औलीहून येत असाल तर जोशीमठहून पहाटे निघून ऋषिकेशला मुक्काम करा. त्याच दिवशी संध्याकाळचं विमान ठेवू नका, दरड कोसळून रस्ता तासन्‌तास बंद होऊ शकतो. आणि घरून न्यायला येणाऱ्याला फोन करताना मोपा की दाबोळी ते तिकिटावर बघूनच सांगा.